रायपूरची काळी धूळ: नोंद कशी ठेवावी, दाद कुठे मागावी

रायपूरच्या उत्तरेला बिरगाव, भनपुरी, खमतराई, गुढियारी या पट्ट्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायचे तर आधी वर पातळ कापड ताणावं लागतं. सकाळी झाडलेल्या गच्चीवर संध्याकाळी अनवाणी फिरलं की टाचा काळ्या होतात. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी इथल्या मराठी कुटुंबांनाही ही धूळ परकी नाही. थंडीत खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं की ती तिथेही सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जगभरातल्या शहरांची आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यात पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वार्षिक सरासरीत रायपूर सातव्या क्रमांकावर होतं. आकडा होता दर घनमीटर हवेत १४४ मायक्रोग्रॅम. भारताची स्वतःची मर्यादा ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासूनची मर्यादा अवघी ५. तो आकडा जुना झाला, तेव्हा मापनकेंद्रंही मोजकीच होती. पण जानेवारी २०१९मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा छत्तीसगडमधून भिलाई आणि कोरब्याबरोबर रायपूरची निवड करावी लागली.

या कार्यक्रमाचा पैसा कुठे गेला, हे नागरिकांनी नीट समजून घ्यायला हवं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४च्या अहवालात दाखवलं की देशभर झालेल्या खर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर गेली. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही गेला नाही. रस्ते झाडणारी यंत्रं आणि पाण्याचे फवारे डोळ्यांना दिसतात, धुराड्यातून रात्री काय बाहेर पडतं ते दिसत नाही. रायपूरसारख्या लोखंड-पोलादाच्या शहरात एवढ्यावर भागणार नाही. आपल्या मोहल्ल्यातली धूळ नेमकी कुठून येते हे आधी ठरलं पाहिजे, आणि ते ठरवण्याचं बरंचसं काम चार-सहा घरं मिळून करू शकतात. ते कसं करायचं, पुढे काय करायचं, हे इथे क्रमाने मांडलं आहे.

१. शहराचा नकाशा आणि वारा समजून घ्या

मोबाइलवर रायपूरचा नकाशा उघडा आणि एका कागदावर ठळक ठिकाणं उतरवून घ्या. बिलासपूर रस्त्याने उत्तरेला गेलं की सिलतरा. शहराला जवळजवळ चिकटून उरला आणि बिरगाव. त्यांच्या आसपास भनपुरी, रावांभाठा, गोगांव, बोरझरा. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉय असे बरेच उद्योग या पट्ट्यात आहेत. पश्चिमेला भिलाईचा पोलाद कारखाना. ईशान्येला बलौदा बाजार-तिल्दा भागातले सिमेंटचे कारखाने. शहरात जीई रोड, रिंग रोड आणि टाटीबंध चौकातली ट्रकची वर्दळ. सरोना इथे कचरा टाकण्याची जुनी जागा.

आता वारा. थंडीच्या महिन्यांत रायपुरात वारा बहुतेक वेळा उत्तर-ईशान्येकडून वाहतो, तोही मंद. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे हवा थंड, जड आणि स्थिर असते नेमक्या त्याच महिन्यांत सिलतरा-उरल्याचा धूर शहराच्या दिशेने येतो. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. त्यामुळे धूर वर जात नाही, खालीच पसरून राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने म्हणूनच पाहणीसाठी सर्वांत महत्त्वाचे.

स्पंज आयर्नचा कारखाना कसा चालतो हेही थोडक्यात माहीत असावं. लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट फिरत्या लांब भट्टीत, म्हणजे रोटरी किल्नमध्ये, साधारण हजार अंशांवर तापवतात. खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड उरतं. भट्टीतून निघणाऱ्या वायूंबरोबर कोळशाची राख, काजळी आणि लोखंडाचे बारीक कण येतात. हे कण पकडण्यासाठी धुराड्याआधी ईएसपी नावाचं यंत्र असतं. त्यात कणांना विजेचा भार देतात आणि ते पत्र्यांना चिकटतात. हे यंत्र चालवायला वीज लागते, पैसा लागतो. भट्टीच्या मागच्या ज्वलनकक्षावर एक आपत्कालीन टोपी असते. वीज गेली किंवा आत दाब वाढला तर ती उघडावी लागते, आणि मग न गाळलेला काळा लोट थेट आकाशात जातो. रात्री ईएसपी बंद ठेवतात, टोपी उघडी सोडतात, ही या भागातल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. ती खरी की खोटी हे नोंदीशिवाय सिद्ध होत नाही.

२. सरकारी आकडे वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे अ‍ॅप मोबाइलवर घ्या. रायपुरात छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाची अखंड मापन करणारी केंद्रं आहेत: पश्चिमेला टाटीबंधजवळ एम्समध्ये, दक्षिणेला भाठागाव बसस्थानकाजवळ, पूर्वेला कृषक नगरात आणि उत्तरेला सिलतऱ्यात. चार दिशांना चार केंद्रं असणं तपासाच्या दृष्टीने फार उपयोगाचं आहे.

आकडे वाचताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हवा गुणवत्ता निर्देशांक हा चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. ५०पर्यंत चांगली हवा, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत खराब, ४००पर्यंत अतिखराब आणि त्यापुढे गंभीर. मध्यरात्री दोन-तीन तास धूर कोंदला आणि दुपारी वारा सुटला तर दिवसाचा आकडा ‘मध्यम’ येऊ शकतो. म्हणून दिवसाच्या निर्देशांकावर थांबू नका, तासातासाचे आकडे पाहा.

दुसरी, शहराचा निर्देशांक हा केंद्रांची सरासरी असतो. सिलतऱ्याचा वाईट आकडा कृषक नगरच्या बऱ्या आकड्यात मिसळून जातो. आपल्याला सरासरी नको, फरक हवा. एकाच तासाला चारही केंद्रांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. वारा उत्तरेचा असताना सिलतऱ्याचा आकडा आधी चढला आणि काही तासांनी शहरातला चढला, असं वारंवार झालं तर तो मोठा धागा आहे.

तिसरी, निर्देशांकाऐवजी मूळ आकडा बघा. पीएम २.५ची चोवीस तासांची भारतीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे आणि पीएम १०ची, म्हणजे जाडसर कणांसकट सगळ्या सूक्ष्म कणांची, १००. पीएम २.५ जर ९०वर गेलं तर निर्देशांक २०० दाखवतो, १२०वर गेलं तर ३००.

चौथी, दोन्ही आकड्यांचं प्रमाण काढा. पीएम १० खूप आणि पीएम २.५ त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, तर ती बहुधा रस्त्याची, बांधकामाची, मातीची धूळ. पीएम २.५ हे पीएम १०च्या निम्म्याहून बरंच वर, तर कुठेतरी काहीतरी जळतं आहे: कोळसा, डिझेल, कचरा किंवा तणस. साधा भागाकार आहे, पण झाडू मारून प्रश्न सुटेल की नाही हे त्यातून लगेच कळतं.

३. मोहल्ल्याची नोंदवही सुरू करा

सरकारी केंद्र तुमच्या गल्लीत नाही. म्हणून स्वतःची वही हवी. पाच-सहा घरं निवडा, शक्यतो वेगवेगळ्या दिशांची. पहाटे उठणारे आजोबा, रात्रपाळीहून येणारा मुलगा, गच्चीवर झाडांना पाणी घालणाऱ्या काकू, अशी माणसं घेतली की चोवीस तास आपोआप वाटले जातात.

वहीत सात रकाने आखा: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वारा जोराचा की मंद, धुराचा रंग, वास, आणि त्या तासाचा सरकारी किंवा स्वतःच्या यंत्राचा आकडा. वाऱ्याच्या दिशेसाठी गच्चीच्या काठीला हलकी रिबीन बांधा आणि कठड्यावर खडूने उत्तर दिशा आखून ठेवा. वारा ‘उत्तरेचा’ म्हणजे उत्तरेकडून येणारा, हे सगळ्यांनी एकसारखं पाळा. नाहीतर दोन घरांच्या नोंदी उलट्या होतील.

धुराचा फोटो काढताना चौकटीत एखादी ओळखीची खूण येऊ द्या, पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस. तीच जागा, तोच कोन रोज ठेवा. फोनमध्ये तारीख-वेळ बरोबर आहे ना, ठिकाणाची नोंद चालू आहे ना, हे आधी तपासा. स्वच्छ दिवशीचाही फोटो काढा. तुलनेला तोच लागतो.

हवा मोजणारं छोटं यंत्र घेतलं तर उत्तम. त्यात लेझरच्या प्रकाशात कण मोजतात. ही यंत्रं पीएम २.५ बऱ्यापैकी सांगतात, पीएम १०च्या बाबतीत कच्ची असतात. हवेत दमटपणा फार असला तर पाण्याने फुगलेले कणही ती मोजतात आणि आकडा वाढवून दाखवतात. म्हणून पावसाळ्यातल्या आणि दाट धुक्यातल्या आकड्यांवर विसंबू नका. यंत्र आधी आठवडाभर सरकारी केंद्राच्या शक्य तितकं जवळ ठेवा आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवा. यंत्र सावलीत, जमिनीपासून दहा-बारा फुटांवर, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब टांगा. फोडणीचा धूर रायपूरच्या नावावर जमा व्हायला नको.

४. धूळ गोळा करा, तोला आणि तपासा

हवेतून खाली पडणारी धूळ मोजायची एक स्वस्त पद्धत आहे. रुंद तोंडाची बादली घ्या, तळाशी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी चार बोटं ओता आणि गच्चीच्या मध्यावर, जमिनीपासून उंच स्टुलावर ठेवा. वर झाड किंवा पत्रा नको. पक्षी बसू नयेत म्हणून काठावर तारेची चौकट करा. पाणी आटत आलं की पुन्हा भरा. साधं नळाचं पाणी चालणार नाही, त्यातले क्षार वजनात येतात.

तीस दिवसांनी बादलीतलं पाणी चाळणीने गाळून पानं-किडे काढा. आधी वजन केलेल्या स्टीलच्या वाटीत ते मंद आचेवर आटवा. सदर बाजारात ओळखीच्या सराफाकडे वाटी पुन्हा तोलून आणा, सोन्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन मिळतं. आता हिशेब. बादलीच्या तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ होतं ०.०७ चौरस मीटर. समजा धूळ भरली १.४ ग्रॅम. म्हणजे दर चौरस मीटरला २० ग्रॅम. दर चौरस मीटरला एक ग्रॅम म्हणजेच दर चौरस किलोमीटरला एक टन. तुमच्या भागात महिन्याला चौरस किलोमीटरमागे २० टन धूळ पडली, हे वाक्य अर्जात लिहिलं की वाचणारा थांबतो.

दुसरी चाचणी लोहचुंबकाची. गच्चीच्या कोपऱ्यातली कोरडी धूळ पांढऱ्या कागदावर चमचाभर पसरा. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कागदावरून अगदी जवळून, हळू फिरवा. लोखंडाचे कण उभे राहतात, एकमेकांना धरून काट्यांसारखे पिशवीला चिकटतात. पिशवी दुसऱ्या कागदावर नेऊन चुंबक आतून काढला की कण खाली पडतात. हे दोन ढीग वेगवेगळे तोला, म्हणजे धुळीत चुंबकीय भाग किती ते कळेल. साध्या भिंगाखाली बघा. मातीचे कण तपकिरी आणि अनियमित दिसतात, काजळी मऊ असते आणि बोटाला लगेच लागते, लोखंडाचे काही कण चमकतात.

इथे एक सावधगिरी हवी. कोळशाच्या राखेत आणि वाहनांच्या ब्रेकच्या धुळीतही चुंबकाला लागणारे कण असतात, काही प्रमाणात मातीतही. म्हणून एक नमुना शहराच्या दक्षिणेकडच्या एखाद्या गावातून, महामार्गापासून आत असलेल्या घरातून आणा आणि त्याच्याशी तुलना करा. तुमच्या धुळीत चुंबकीय भाग त्यापेक्षा कितीतरी पट निघाला, तर उद्योगाकडे बोट दाखवायला आधार मिळतो. कोणत्या कारखान्याकडे, हे मात्र चुंबक सांगत नाही. ते वारा, वेळ आणि फोटो मिळून सांगतात. शिसं, कॅडमियम, निकेल यांसारखे धातू बघायचे तर प्रयोगशाळा लागते. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या संशोधकांनी रायपूर-भिलाईच्या हवेवर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांच्याकडे किंवा एनआयटी रायपूरकडे एखाद्या स्थानिक संस्थेच्या लेटरहेडवर विनंती करून बघा.

५. नोंदींवरून उगम ठरवा

महिनाभराची वही भरली की सगळ्यांनी एकत्र बसा आणि वाईट तास वेगळे काढा. पुढचे साचे रायपुरात सहज ओळखू येतात.

रात्री अकरा ते पहाटे पाच, वारा उत्तरेचा, धूर काळा, सकाळी गच्चीवर चुंबकाला लागणारी धूळ: स्पंज आयर्न आणि भट्ट्यांचा पट्टा तपासा.

पहाटे पाच ते आठ, पांढरट धूर, डोळ्यांना झोंबणारा वास, तोही एकाच गल्लीत: झाडून गोळा केलेली पानं आणि प्लॅस्टिक जाळलं जात आहे.

संध्याकाळी सहा ते नऊ, दगडी कोळशाचा उग्र वास: घरोघरच्या आणि ठेल्यांवरच्या सिगड्या, ढाब्यांचे तंदूर.

दिवसभर, वारा नसतानाही तपकिरी धूळ, पीएम १० खूप चढलेलं: बांधकाम, खोदलेला रस्ता, ताडपत्री न टाकलेले ट्रक.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, शहराबाहेरच्या बाजूने, दुपारनंतर: धान कापल्यावर शेतात जाळलेली तणस, जिला इथे पैरा म्हणतात.

बहुतेक मोहल्ल्यांत दोन-तीन साचे एकत्र सापडतील. त्यांचा क्रम लावा: कोणत्या कारणाचे वाईट तास सर्वांत जास्त, दुसरं कोणतं, तिसरं कोणतं. पुढची सगळी मेहनत याच क्रमाने घाला.

६. बरोबर दार ठोठावा

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिने जातात. म्हणून हे नीट वाटून घ्या.

कचरा जाळणं, बांधकामाची धूळ, उखडलेला रस्ता: रायपूर महापालिका. शहरात ७० वॉर्ड आणि १० झोन आहेत. आपल्या झोनच्या आयुक्तांना अर्ज, त्याची प्रत नगरसेवकाला, म्हणजे इथल्या भाषेत पार्षदाला. ‘निदान ११००’ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि मिळालेला क्रमांक वहीत लिहा. बिरगावची महापालिका वेगळी आहे हे विसरू नका.

कारखाना, भट्टी, उघड्यावरचे कोळसा-राखेचे ढीग: छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. मुख्यालय नवा रायपुरात आहे, तिथेही प्रत पाठवा.

धूर सोडणारी वाहनं, उघडे ट्रक: वाहतूक पोलीस आणि परिवहन कार्यालय.

अर्ज हिंदीत लिहा, कारण कारभार हिंदीत चालतो. एका पानात बसवा. ‘आमच्या भागात फार प्रदूषण आहे’ असं लिहिलं तर उत्तर तितकंच मोघम येतं. त्याऐवजी असं लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतक्या रात्री, या वेळेत, वारा उत्तरेचा असताना काळा धूर दिसला. सोबत दिनांकासह फोटो आणि नोंदींची प्रत. या वेळेत अचानक तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल आम्हाला मिळावा. शेवटी पाच-सहा घरांच्या सह्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. कोणत्याही कारखान्याचं नाव अंदाजाने घालू नका. दिशा, अंतर आणि वेळ लिहा, कारखाना शोधणं मंडळाचं काम आहे.

महिन्याभरात हालचाल झाली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. २००५च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. मागायच्या गोष्टी नेमक्या मागा: त्या औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यांना मंडळाने दिलेली संमतिपत्रं आणि त्यांतल्या अटी, वर्षभरातले तपासणी अहवाल, धुराड्यांवर बसवलेल्या ऑनलाइन मापन यंत्रांचे तासातासाचे आकडे, बजावलेल्या नोटिसा आणि त्यांवर झालेली कारवाई. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्न भट्टीच्या धुराड्यासाठी २००८च्या केंद्रीय अधिसूचनेत दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे. संमतिपत्रात मंडळ याहून कडक अट घालू शकतं. ऑनलाइन आकड्यांत रात्री सलग तास कोरे दिसले, तर तुमच्या वहीतल्या त्याच तासांशी जुळवून पाहा. असा मेळ बसला तर तुमची तक्रार पुराव्यानिशी उभी राहते.

नवा कारखाना किंवा मोठा विस्तार येतो तेव्हा २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जिथे जनसुनावणी बंधनकारक आहे, तिथे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. सुनावणीचं चित्रीकरण होतं, बोललेलं सगळं नोंदलं जातं. तिथे वही घेऊन जा. भाषणापेक्षा दोन मिनिटांत वाचलेले आकडे नोंदीत जास्त काळ टिकतात.

यापुढची पायरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची. छत्तीसगड भोपाळच्या मध्य खंडपीठाकडे येतं. पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत करावा लागतो, म्हणून वही बंद करून वर्षभर वाट पाहत बसू नका. इथे मात्र वकिलाचा सल्ला घ्याच.

७. आपल्या हातातली कामं याच आठवड्यात सुरू करा

कारखान्याकडे बोट दाखवताना गल्लीतला जाळ विझवलेला असावा. तसं नसेल तर कार्यालयात पहिला प्रश्न तोच विचारतात.

पानं जाळणं बंद करायचं तर पानं जायला जागा हवी. झाडणाऱ्या कामगारांना दोष देऊन भागत नाही. घंटागाडी ओला-सुका कचरा नेते, पण पोतंभर पानं बऱ्याचदा तशीच राहतात. सोसायटीच्या कोपऱ्यात विटांचा तीन फुटी हौद करा, पानं आणि थोडं शेण किंवा जुनं खत यांचे थर द्या, आठवड्याला पाणी शिंपडा. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं आणि जाळायला काही उरत नाही.

सिगडीवर जगणाऱ्या ठेलेवाल्याला हटवू नका. दगडी कोळसा सोडून गॅसवर येण्यासाठी त्याला काय अडतं ते विचारा. बहुधा सिलिंडरची अनामत किंवा कागदपत्रं अडलेली असतात. मोहल्ल्यातल्या दोन तरुणांनी कागदपत्रांचं काम अंगावर घेतलं तरी प्रश्न सुटतो.

घराचं काम काढलं असेल तर वाळू-सिमेंट ताडपत्रीखाली ठेवा, फरशी पाणी मारून कापा, मलबा नाल्यात किंवा तळ्याकाठी टाकू नका. मोठ्या बांधकामांसाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये सविस्तर नियमावली काढली: बांधकामाभोवती किमान २५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, ट्रक बाहेर पडताना चाकं धुणं, सतत पाण्याचा फवारा. आपल्या झोन कार्यालयाला अर्ज देताना ही नियमावली सोबत जोडा आणि रायपुरातही अशीच सक्ती मागा.

८. शहरासाठी तीन मोठ्या मागण्या

मोहल्ल्याच्या वह्या एकत्र आल्या की मागणी शहरापर्यंत नेता येते. तीन मागण्या पुरेशा आहेत, पण त्यांवर ठाम राहा.

एक, धुराड्यांचे आकडे लोकांना दिसू द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७मध्ये उद्योगांना त्यांच्या धुराड्यातल्या कणांनुसार एक ते पाच तारे द्यायला आणि ते जाहीर करायला सुरुवात केली. असं तारांकन छत्तीसगडलाही करता येईल.

दोन, ईएसपी आणि भट्टी एकमेकांना विजेने अशा जोडा की ईएसपी बंद पडली तर भट्टीत कच्चा माल जाणं थांबेल. ईएसपीचा वीजमीटर वेगळा ठेवा आणि त्याची रात्रीची नोंद मंडळाकडे जाऊ द्या. टोपी किती वेळा, किती मिनिटं उघडली ही नोंदही जाहीर करा. तपासनीस दर रात्री प्रत्येक दारात उभा राहू शकत नाही, विजेची नोंद मात्र रोज राहते. गुजरातने सुरतमध्ये २०१९पासून कारखान्यांच्या एकूण कणांवर मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली. त्यावरच्या संशोधनात सहभागी कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्के घटल्याचं दिसलं. अखंड मापन प्रामाणिक असेल तर उद्योग चालू ठेवूनही हवा सुधारते, हे त्यातून दिसतं.

तीन, स्वच्छ हवेचा निधी उगमाच्या प्रमाणात खर्च करा. ज्या वॉर्डात रात्रीचा काळा धूर हे पहिलं कारण आहे, तिथे झाडूगाडी पाठवून खर्च दाखवू नका. महापालिकेकडे वॉर्डनिहाय हिशेब मागा.

९. हवा सुधारेपर्यंत फुप्फुसं जपा

थंडीत पहाटे पाचचं फिरणं बंद करा. मरीन ड्राइव्ह म्हणजे तेलीबांधा तळं असो की बूढा तालाब, धूर त्या वेळी जमिनीलगत असतो. ऊन चढल्यावर हवा मोकळी होते. दुपारी किंवा चारच्या सुमारास फिरा. शाळांनी मैदानी तास सकाळच्या पहिल्या तासाला ठेवू नये, अशी विनंती पालकांनी लेखी करावी.

रुमाल आणि कापडी मास्क अतिसूक्ष्म कण अडवत नाहीत. एन-९५ मास्क नाकाला नीट बसवून वापरा. घरात कोरडा झाडू न मारता ओल्या कपड्याने पुसा. उत्तरेच्या खिडक्या रात्री बंद ठेवा आणि दुपारी उघडा. कासवछाप अगरबत्ती, धूप आणि उदबत्ती बंद खोलीत लावू नका. दम्याच्या रुग्णांनी नोव्हेंबरच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषधांचं वेळापत्रक ठरवावं. खोकला, धाप वाढलेल्या दिवसांची नोंदही त्याच वहीत करा. आकड्यांशेजारी आजारपणाच्या तारखा असल्या की मंडळ आणि महापालिका दोघांनाही उत्तर द्यावं लागतं.

पहिल्या महिन्याचं वेळापत्रक

पहिला आठवडा: पाच घरं निवडा, वही आखा, समीर अ‍ॅप घ्या, बादली ठेवा, चारही केंद्रांचे आकडे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री अकराला लिहायला लागा.

दुसरा आठवडा: लोहचुंबकाची चाचणी करा, तुलनेसाठी बाहेरगावचा नमुना आणा, धुराच्या फोटोंची एक ठरलेली जागा पक्की करा.

तिसरा आठवडा: पानांचा हौद बांधा, सिगडीवाल्यांशी बोला, गल्लीतला जाळ बंद करा.

चौथा आठवडा: वाईट तासांची यादी काढा, कारणांचा क्रम लावा, हिंदीत एक पानी अर्ज लिहा, बादलीचे तीस दिवस भरले की धुळीचं वजन जोडा आणि पोच घ्या.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था, बिरगावातल्या कामगार वस्त्या आणि शाळांची विज्ञान छंद मंडळं यांनी एकाच नमुन्याची वही वापरली, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत कोणत्या मोहल्ल्यात कोणत्या तासाला कोणता धूर असतो, याचा नागरिकांनी केलेला नकाशा तयार होईल. तो मार्चमध्ये पर्यावरण मंडळ आणि महापालिका या दोघांपुढे एकाच दिवशी ठेवा आणि पुढच्या थंडीआधी कोणती तीन कामं होतील, ते लेखी मागून घ्या.